साहेबाचा नियम आणि बहिणीचा घास

माझी धाकटी बहीण इंग्लंडात असते आणि माझ्याशी बोलत नाही.

मी कॅनडात, लंडनला असतो. हे लंडन वेगळं. इथं मोठं विद्यापीठ आहे, दवाखाने आहेत आणि पाच महिने बर्फ आहे. गावाकडची माणसं अजून फोनवर म्हणतात, "मग काय, भाऊ-बहीण एकाच गावात की!" आधी मी समजावून सांगायचो की मध्ये अख्खा समुद्र आहे. आता नुसतं हो म्हणतो. समजावून तरी काय करायचं?

माझं शिक्षण चौथी. रेल्वेत गेटमन होतो. माझे वडीलही गेटमनच, आणि ते तर साहेबाच्या राज्यातले. गाडी सुटल्याची घंटा आली की फाटक बंद. मग समोर कुणी असो. एकदा आमदाराची जीप पंचवीस मिनिटं उभी केली, त्याबद्दल माझी बदली झाली, मी गेलो. एकदा प्रेतयात्रा थांबली. खांदा दिलेली माणसं मला आईवरून शिव्या देत होती. मी फाटक उघडलं नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नव्हतो. चौथी शिकलेल्या माणसाकडे अभिमान धरण्यासारख्या गोष्टी थोड्या असतात, त्या तो घट्ट धरून ठेवतो.

वडील एक गोष्ट सांगायचे. एक गोरा इन्स्पेक्टर भर दुपारी मोटारीतून फाटकाशी आला. फाटक बंद. वडील धावत उघडायला गेले, तर साहेबाने बोट हलवलं, नाही. आणि गाडी जाईपर्यंत तो मोटारीबाहेर उन्हात उभा राहिला, हॅटसुद्धा हातात धरून. वडील म्हणायचे, "बघ, नियम त्यांनी केला आणि पहिल्यांदा त्यांनीच पाळला. म्हणून राज्य केलं." ही गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली, बहिणीच्या मुलाला सांगितली, इथं आल्यावर नातीलाही सांगितली. नात म्हणाली, "ओके आजोबा."

आई लवकर गेली, तेव्हा बहीण सहा वर्षांची होती आणि मी सोळा. तिची वेणी मी घातलेली आहे, वाकडी. तिचं लग्न मी केलं. दाजी लग्नानंतर दोन वर्षांनी इंग्लंडला गेले, पावाच्या कारखान्यात लागले, आणि तिथेच निवृत्त झाले. मी मोठा, म्हणून तिच्या घरातल्या मोठ्या गोष्टी मला विचारून व्हायच्या. घर कुठलं घ्यायचं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं. मला त्या देशातलं काय कळत होतं? पण ती विचारायची आणि मी सांगायचो. ते आमचं नातं होतं. माझी बायको गेली तेव्हा मी दोन दिवस पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. हट्टच धरला होता. बहीण विमानाने आली, पायातली चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेली, कुणीतरी आणून ठेवलेलं पिठलं-भात कालवलं आणि माझ्या तोंडात घास घातला. "गीळ," म्हणाली. मी गिळला.

मग मुलाने मला इथं आणलं.

लॉकडाउन लागला तेव्हा आमचा फोन रोजचा झाला. इथले सकाळचे दहा म्हणजे तिथले दुपारचे तीन. दाजींना बोलायची फार हौस. तिथे रोज संध्याकाळी टीव्हीवर तिघं जण उभे राहायचे, मधला पंतप्रधान नाहीतर एखादा मंत्री, बाजूचे दोघे तक्ते दाखवणारे. आदल्या संध्याकाळी कोण काय बोललं, ते दाजी मला दुसऱ्या दिवशी सांगायचे.

"दादा, हा माणूस बरा आहे बरं का," ते बहिणीच्या मागून ओरडायचे. "बोलतो कसा, पानाच्या ठेल्यावर उभा असल्यासारखा!"

"म्हणून मत दिलंत काय?"

"चाळीस वर्षं युनियनवाल्यांच्या पक्षाला दिलं. एकदा म्हटलं चव बदलून बघू."

"चव बदलायला तो काय पाव आहे?" बहीण म्हणायची.

बहिणीची एक मैत्रीण होती, दोन गल्ल्या सोडून राहणारी, नागपूरकडची. तीस वर्षांची मैत्री. ती या सगळ्यांवर पहिल्यापासून खार खाऊन. ती म्हणायची, हे सगळे एका माळेचे मणी, आपल्याला कोंडतील आणि स्वतः मोकळे फिरतील. बहिणीने मला हे हसत सांगितलं. मी हसलो नाही. म्हटलं, "त्या बाईला म्हणावं, जरा शिस्त शिक. त्या लोकांच्या देशात राहतेस आणि त्यांनाच नावं ठेवतेस?" पुढे पंतप्रधान स्वतः आजारी पडला, दवाखान्यात गेला, तेव्हा तर मला ती बाई खोटी पडल्याचं समाधानच वाटलं. म्हटलं, बघा, त्यालाही सुटका नाही. तेव्हा तिथे तो सगळ्यांना आवडू लागला होता. बहीणच सांगायची, जे त्याला शिव्या देत होते तेही म्हणताहेत, बिचारा बरा होऊ दे. दर गुरुवारी संध्याकाळी लोक दारात उभे राहून दवाखान्यातल्या माणसांसाठी टाळ्या वाजवायचे. बहीण स्टीलची थाळी वाजवायची. दाजी म्हणायचे, "हळू, पोचा पडेल."

इथं आमच्याही घरात नियम कडक होते. माझी सून नर्स आहे, म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये. त्या दिवसांत ती बेसमेंटमध्ये राहायची. आली की गॅरेजमध्येच कपडे बदलायची. मी तिचं ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचो, टकटक करायचो आणि वर निघून यायचो. नात वरून हाक मारायची, "मॉम, आय मिस यू," आणि खालून आवाज यायचा, "जेवलीस का?" माझा नियमावर भरवसा होता, कारण तो आमच्या घरात पाळला जात होता आणि त्याची किंमत मला दिसत होती.

मग दाजी आजारी पडले. ॲम्ब्युलन्समधून गेले. जाताना त्यांनी बहिणीला सांगितलं की टीव्हीवर तो आज काय म्हणतो ते लक्षात ठेव, आल्यावर सांग. नवव्या दिवशी ते गेले. कुणी जवळ नव्हतं. एका नर्सने त्यांच्या कानाशी फोन धरला होता आणि बहिणीने विष्णूसहस्रनाम म्हटलं, येतं तेवढं.

अग्नी द्यायला दोन आठवडे लागले, कारण तिथे रांग होती. भाचा स्वतः आजारी, दुसऱ्या गावात आपल्या खोलीत कोंडलेला. स्मशानात बहीण आणि दाजींचा कारखान्यातला एक जुना सोबती, दोघंच. खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या होत्या. मी ते सगळं मुलाच्या मोबाइलवर बघितलं. शवपेटीपुढचा पडदा ओढला गेला आणि बहिणीचा हात हवेत उचलला गेला, बाजूच्या माणसाचा हात धरायला जातो तसा. बाजूला कुणी नव्हतं. तिने तो हात मांडीवर परत ठेवला. हे मी बघितलेलं आहे.

आता जे सांगायचं ते.

आमच्याकडे अग्नी देऊन घरी आल्यावर कडू घास असतो. त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरेधायरे पिठलं-भात करून आणतात आणि ज्याचं माणूस गेलं त्याला पहिला घास दुसऱ्याने भरवायचा असतो. आपल्या हाताने तो घास कुणी घेत नाही. मोठमोठे पैलवान गडी बघितले आहेत मी, मान खाली घालून पोरासारखं तोंड उघडताना. बाईचा नवरा गेला तर हा मान माहेरचा, भावाचा नाहीतर भावजयीचा. मी इथं. माझी बायको देवाघरी.

बहीण घरी पोचली आणि तिने फोन लावला. मी टेबलाशी बसलेलो होतो. ती चेहऱ्यावरचा मास्क न काढताच बोलत होती. तेवढ्यात तिच्याकडे दाराची घंटा वाजली. तिने खिडकीतून बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "ती आली आहे. भांडं घेऊन."

"कोण?"

"नागपूरची. पायरीवर उभी आहे. मास्क लावलाय, हातमोजे घातलेत. म्हणते, आत येते, तुला घास भरवते आणि जाते. पाच मिनिटं." मग तिने विचारलं, "घेऊ का आत?"

मी त्या वेळी काय विचार केला ते मला अजून जसंच्या तसं सांगता येतं. विचार केलाच नाही. हाताला सवय असते तशी जिभेलाही असते.

"नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या घरातलं माणूस आत घ्यायचं नाही असा नियम आहे ना?"

"आहे."

"मग झालं. भांडं पायरीवर ठेवायला सांग. इथं आम्ही सुनेचं ताट तसंच ठेवतो."

"दादा, आज फक्त..."

"आज नाही आणि उद्या नाही. अगं, त्यांचा पंतप्रधान पाळतो, तुला काय झालं पाळायला?"

ती दाराकडे गेली. फोन तिने ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला फक्त भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं आणि ऐकू येत होतं. काचेच्या पलीकडून ती बाई म्हणाली, "अगं, दार तर उघड." बहीण म्हणाली, "ठेव तिथं. दादा नको म्हणतोय."  मग भांडं दगडावर ठेवल्याचा आवाज.

बहीण भांडं घेऊन आली, फोन आपल्याकडे वळवला, हात धुतले, ताटलीत भात घेतला, पिठलं घेतलं, कालवलं. फोनकडे बघितलं. आणि तिने तो घास आपल्या हाताने आपल्या तोंडात घातला. मी इकडून म्हणत होतो, "खा. खा बाय. शाबास."

शाबास म्हणालो मी.

त्यानंतर ती कधी या विषयावर बोलली नाही. फोन रोजचा होता तो दोन दिवसांनी येऊ लागला, मग आठवड्याने. मला वाटलं दुःख आहे, बाई गप्प झाली. त्या वर्षी राखी पोस्टाने आली. पुढच्या वर्षीही आली. मी तिला त्या पंतप्रधानाचं विचारायचो, काय म्हणतात लोक, लस दिली म्हणून खूश आहेत का. ती म्हणायची, "असतील." एरवी जी बाई कुठल्या मंत्र्याने कुठल्या रंगाचा टाय लावला तेसुद्धा सांगायची.

दुसऱ्या हिवाळ्यात, शाळेची सुट्टी लागायच्या आधी, नात फोन घेऊन माझ्या खोलीत आली. तिला माझी ती गोऱ्या साहेबाची गोष्ट पाठ. म्हणाली, "आजोबा, युअर ब्रिटिश पीपल. दे वेअर हॅविंग पार्टीज. लाइक, ड्युरिंग लॉकडाउन."

"कोण?"

"द गव्हर्नमेंट. द वन्स हू मेड द रूल्स."

मी म्हटलं, विरोधकांनी उठवलं असेल. मग रोज बातम्या येऊ लागल्या. नियम जिथे बसून लिहिले, तिथेच माणसं जमली होती. दारू होती, खायला होतं. पुढे फोटोही आले. पंतप्रधान आधी म्हणाला, असं काही झालंच नाही. मग म्हणाला, झालं, पण मला ते काम वाटलं. तिथे लोक पिसाळले. ज्यांनी त्याच्यासाठी देवाला हात जोडले होते तेच टीव्हीवर रडून विचारत होते की माझी आई एकटी मेली, तेव्हा तुम्ही काय करत होतात. एक म्हातारी बाई नुसती कॅमेऱ्याकडे बघत होती.  मी टीव्ही बंद केला.

शुक्रवारी सकाळी दहाला बहिणीचा फोन आला. कितीतरी दिवसांनी दहाच्या ठोक्याला.

"दादा, बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

आता इथं एक शब्द पुरला असता. पण मी म्हटलं, "मग काय? माणसं नालायक निघाली. नियम बरोबरच होता."

"नियम बरोबरच होता," ती हळू म्हणाली.

"तुझ्या मैत्रिणीला साखर आहे, वय झालंय. आत आली असती आणि तिचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?"

"तिने तुला सांगितलं होतं का, माझ्या साखरेची काळजी कर म्हणून?"

"बाय, मी तुझ्या भल्यासाठी..."

"तू म्हणालास, त्यांचा पंतप्रधान पाळतो, तुला काय झालं पाळायला. आठवतं का दादा?"

मला आठवत होतं. कॅलेंडरसकट आठवत होतं. मी म्हटलं, "मी असं काही म्हटलेलं नाही."



"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली. वहीत कधी खोटी वेळ लिहिली नाही. आणि माझ्याच बहिणीला, जिची वेणी मी घातली, तिच्या तोंडावर मी खोटं बोललो, ते कुणासाठी? ज्याला मी कधी भेटलो नाही, ज्याची भाषा मला कळत नाही, त्या एका माणसाचा नियम खरा ठरावा म्हणून. खरं तर त्याच्यासाठीही नाही. माझं चुकलं हे माझ्या तोंडून निघू नये म्हणून.

त्यानंतरच्या राखीपौर्णिमेला राखी आली नाही.

मी वाट बघितली. मोठा मी, मी कशाला फोन करू, असा हिशेब. मुलगा म्हणाला, "बाबा, करा ना तुम्ही." मी म्हटलं, "ती करेल." सुनेने एकदा जेवताना सांगितलं, "बाबा, आमच्याकडे कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की आम्ही घरच्या एका माणसाला आत सोडायचो. गाऊन घालून, दहा मिनिटं. तसं करायला वाव होता." मी म्हटलं, "तुला काय माहीत तिथलं?" ती उठून ताट धुवायला गेली. ती बेसमेंटमध्ये राहिलेली बाई. तिला मी हे म्हटलं.

उन्हाळ्यात मी मॉलमध्ये जातो. फूड कोर्टात आम्ही चार-पाच म्हातारे बसतो. एक सरदारजी आहेत, ट्रक चालवायचे. एक आपले निवृत्त इंजिनिअर, पन्नास वर्षांपूर्वी आलेले, ओकव्हिलचं घर विकून मुलीजवळ राहायला आलेले. त्या दिवसांत विषय तोच होता, कारण पंतप्रधानाला जावं लागलं होतं.

"पब्लिक फ्युरियस आहे हो," इंजिनिअर म्हणाले. "व्हायरसचं काय, लोक तेही माफ करतील. पण फसवलं ते नाही करणार."

"सब लीडर एक जैसे, भाईसाब," सरदारजी म्हणाले. "इधर वाले भी, उधर वाले भी. जनता तो कल फिर ताली बजाएगी."

"नाही, ब्रिटिश माणसाला रूल म्हणजे..." इंजिनिअर सुरू झाले.

मी तिथून उठलो. म्हटलं, वॉशरूमला जातो. तिथे आरशासमोर उभा राहिलो आणि मला वडिलांच्या त्या गोष्टीचं शेपूट आठवलं. ते मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, मलाच आठवू दिलं नव्हतं. गाडी गेली, वडिलांनी फाटक उघडलं, आणि साहेब मोटारीत बसायच्या आधी वडिलांजवळ आला. वडिलांनी सलाम ठोकायला उशीर केला होता, हातात झेंडी होती म्हणून. साहेबाने छडीने त्यांची टोपी उडवली. टोपी रुळांत पडली. वडील ती उचलायला वाकले आणि मोटार गेली. हे वडील फार थोड्या वेळा सांगायचे, आणि सांगताना हसायचे. मी ते शेपूट कापून गोष्ट पुढे दिली. माझ्या मुलाला, भाच्याला, नातीला. बहिणीलाही, ती लहान असताना, वेणी घालता घालता.

तरी मी फोन केला नाही. माणूस किती कोडगा असतो बघा. कळल्यावरही आणखी दीडेक वर्ष गेलं.

पुढे तिथे चौकशी बसली. ती टीव्हीवर दाखवत होते. ज्यांची माणसं गेली ते लोक मागे बसलेले होते, आणि तो माजी पंतप्रधान म्हणाला की मला वाईट वाटतं. मुलगा मला अर्थ सांगत होता. मागचे काही लोक उभे राहिले, त्यांना बाहेर काढलं. मी मुलाला विचारलं, "ते का उठले?"

"त्यांना नकोय त्याचं सॉरी."

"मग काय हवंय?"

"मला काय माहीत, बाबा. आत्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी दहाला मी फोन लावला. वाजत राहिला. मग उचलला.

"बोल दादा."

आवाज म्हातारा झाला होता. दोन वर्षांत आवाज एवढा बदलतो हे मला माहीत नव्हतं. मी आधी तब्येत विचारली, गुडघे विचारले. ती हो हो म्हणत होती.

"मी म्हटलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"तो पाळतो, तुला काय झालं. मी तसंच म्हटलं होतं. मला सगळं आठवत होतं. खोटं बोललो मी तुझ्याशी. चुकलं माझं, बाय."

 मागे किटलीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"दादा, तुला वाटतं की नियम बरोबर की चूक, याचं मला पडलं होतं?" ती म्हणाली. "नियम मला माहीत होता. टीव्हीवर रोज सांगत होते, पेपरात होता, दारावर कागद चिकटवला होता. मी तुला नियम विचारलाच नव्हता."

"मग?"

"तू 'घे गं आत' म्हणावंस म्हणून विचारलं. नाही म्हणणारे अख्ख्या देशात होते. मला एक हो म्हणणारं माणूस पाहिजे होतं. नाहीतर मी विचारलं कशाला असतं? मीच दार उघडलं नसतं का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू हो म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर कदाचित मीच नको म्हटलं असतं. तिला साखर आहे, तेही खरंच. मी काचेतून हात केला असता. पण माझं माहेर दार उघड म्हणालं, एवढं तरी मला राहिलं असतं."

"ती कशी आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"मुलीकडे राहायला गेली. तेरा दिवस भांडं पायरीवर ठेवून गेली, घंटा वाजवली नाही. पुढे सगळं उघडलं तेव्हाही ती आत आली नाही. मी बोलावलं. म्हणायची, येईन गं. बोल नाही लावला तिने कधी."

"तू मला शिव्या दे," मी म्हणालो.

"राग नाही रे," ती म्हणाली. "राग होता तेव्हा बरं होतं. आता तुझा आवाज आला की मला तो 'शाबास' ऐकू येतो. बाकी काही नाही. रात्रीचा डोळा लागत नाही दोन दिवस. म्हणून तू सध्या फोन नको करूस."

"सध्या म्हणजे किती?"

"मला माहीत नाही दादा."

"मी माफी मागतोय गं."

"दिली. ती केव्हाच दिली. फोन नको करूस एवढंच."

तिने ठेवायच्या आधी मला "जप स्वतःला" म्हटलं. हे नक्की म्हटलं, मी ऐकलं.

मी फोन केलेला नाही. या गोष्टीलाही आता दोन वर्षं होत आली. ती बहात्तरची, मी ब्याऐंशीचा. दोघांपैकी कुणाला तरी आधी जायचं आहे आणि दुसऱ्याला कुणीतरी घास भरवायचा आहे, एवढं गणित मला चौथी शिकूनही येतं. कधी कधी दहा वाजता मी फोन हातात घेऊन बसतो. सून बघते. एकदा तिने माझ्या हातातून तो अलगद काढून घेतला आणि चहा दिला. मी तिला म्हटलं, "त्या दिवशी जेवताना तुला तिथलं काय माहीत म्हणालो, ते चुकलं." ती म्हणाली, "कुठल्या दिवशी बाबा?" पण तिला आठवत होतं.

रविवारी मुलगा आत्याला फोन करतो. स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून, भाजी चिरता चिरता, स्पीकर लावून. मी बाहेरच्या खोलीत बसतो आणि टीव्हीचा आवाज बंद करतो. तिचं सगळं ऐकू येतं. भाच्याला मुलगी झाली. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. नवीन पंतप्रधान बरा आहे की वाईट, यावर ती काही बोलत नाही. मुलाने विचारलं तर म्हणते, "असेल." कधी हसतेही. ठेवताना ती दर वेळी विचारते, "घरात सगळे बरे आहेत ना?"

मुलगा म्हणतो, "हो, सगळे बरे."

सगळ्यांत मी आहे की नाही, हे मी मुलाला अजून विचारलेलं नाही.